पिंपं उजवीकडेच का सरकतात

नर्सबाई वर आल्या तेव्हा त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या. वहिनींचं लक्ष आधी चपलांकडे गेलं, मग चेहऱ्याकडे, आणि चेहरा पाहिल्यावर काय झालं म्हणून विचारायची गरजच उरली नाही. रात्रपाळी करून बाई सकाळी आठला घरी येत, नऊला आडव्या होत, आणि साडेदहाच्या सुमाराला त्यांच्या डोक्यावरच्या छतातून कुणीतरी पत्रा कापत असल्यासारखा आवाज सुरू होई. आज चौथा दिवस होता.

"काकू, मी भांडायला आलेली नाही," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "मला नुसती झोप पाहिजे. काल वॉर्डात उभ्याउभ्या माझा डोळा लागला. पेशंटने हाक मारून उठवलं. पेशंटने, मला."

भांडायला आल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. वहिनींची पन्नास वर्षं शिवणकामात गेली होती. बाही आखूड झाली, खांदा उतरला म्हणून तावातावाने आलेल्या गिऱ्हाइकाला गार कसं करायचं हे त्यांना पाठ होतं. पण हात जोडून झोप मागणाऱ्या बाईपुढे त्यांची जीभ उचलेना. त्यांनी नर्सबाईंना आत बसवलं, पाणी दिलं आणि मागच्या खोलीत जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की स्वयंपाकघरातल्या नळाची टपटप ऐकू येऊ लागली.

पाणी पिऊन नर्सबाईंनी खरी बातमी सांगितली. त्यांनी स्वतः तक्रार केली नव्हती, पण वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी केली होती, आणि रविवारी दुपारी इमारतीच्या बैठकीत 'तिसऱ्या मजल्यावरचा कारखाना' हा विषय निघणार होता. सेक्रेटरी त्यांना विचारणार, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. मग त्यांनीच एक तोड सुचवली: रात्री चालवा, रात्री मी घरी नसतेच. वहिनींनी मान हलवली. रात्री वरचे गप्प बसणार नाहीत. शिवाय अर्धाच वेळ चालवायचं म्हणजे पाच आठवड्यांचं काम दहावर जायचं.

"गेलं तर काय बिघडलं?" नर्सबाईंनी साधेपणाने विचारलं.

वहिनींनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. "आमच्या वन्संचे डोळे तेवढे थांबायचे नाहीत."

"मला ऐकू येतंय हं," आतून आवाज आला. "डोळे चाललेत. कान कुठेही गेलेले नाहीत."

नर्सबाई कानकोंड्या झाल्या. वहिनी मात्र उठून उभ्या राहिल्या. आज मंगळवार, त्या म्हणाल्या, रविवारी सकाळी तुम्हाला हा आवाज ऐकू आला तर मी स्वतः हे धूड भंगारवाल्याच्या गाडीवर चढवीन, तुम्ही सेक्रेटरींना काही सांगायची वेळच येणार नाही. तोवर तुम्ही झोपेत असताना यंत्र चालणार नाही. नर्सबाई चार वाजता उठत. चार ते आठ, एवढाच वेळ मिळणार होता.

ते यंत्र दादांचं. दादा म्हणजे वहिनींचे यजमान आणि वन्संचे थोरले भाऊ. वहिनींच्या तोंडी ते 'हे' होते, पण कारखान्यात, दुकानात, शेजारीपाजारी सगळीकडे वन्संचंच 'दादा' रुळलं होतं, म्हणून इथेही दादाच. कारखान्यात फिटर होते. दगडांचं वेड कुठून लागलं कोण जाणे, पण एका वर्षी त्यांनी कुठल्याशा जुन्या पंपाची मोटर आणि लोखंडी खाटेच्या पट्ट्या जमवून हे यंत्र उभं केलं. त्यात कळायला अवघड असं काहीच नव्हतं. एक चौकट, तिच्यावर रबर चढवलेले दोन आडवे रूळ, त्यातला एक मोटरच्या पट्ट्याने फिरणारा, आणि रुळांवर शेजारी शेजारी आडवी टाकलेली दोन छोटी पिंपं. पिंपात दगड, पाणी आणि कुरुंदाच्या कठीण दगडाची भुकटी. रूळ फिरले की पिंपं फिरतात, आतले दगड एकमेकांवर घसरत घासले जातात. पहिला आठवडा जाडी भुकटी, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटचे दोन आठवडे पिठासारखी पॉलिशची पांढरी पूड. पाच आठवडे रात्रंदिवस हे चालू राहिलं, की रस्त्यावर लाथाडण्याच्या लायकीचा दगड काचेसारखा होऊन बाहेर यायचा.

जुन्या घरी हे यंत्र वीसेक वर्षं फिरत होतं. संध्याकाळी दादा कामावरून आले की चहाच्या आधी पिंपं उघडायचे. नळाखाली धरलेले ते त्यांचे हात, नखांत अडकलेला राखाडी गाळ, आणि 'अगं, हा बघ, हा बघ' करत स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलेले दगड. वहिनी कणीक मळताना ते कोपराने बाजूला सारायच्या. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आता त्या ओट्यावर नुसते डबे असत.

आणि वन्संचे दगड मात्र त्या वीस वर्षांत कधी पिंपात गेलेच नाहीत. एकतीस दगड होते. दादा दहा वर्षांचे आणि वन्सं सात वर्षांच्या असताना दोघांनी नदीच्या काठाकाठाने फिरून वेचलेले, आईने शिवलेल्या नाडीच्या पिशवीत ठेवलेले. दादा आधी म्हणायचे, हात बसू दे, मग तुझे लावतो. हात बसल्यावर म्हणायला लागले, तुझे सगळ्यात शेवटी, सगळ्यात चांगले. तीन वर्षांपूर्वी दादा गेले आणि यंत्र बंद पडलं. वन्संनी पिशवी पुन्हा कपाटात ठेवली आणि विषय काढला नाही.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मधोमध काळा डाग दिसायचा. कडेकडेचं दिसे, म्हणून पक्ष्यासारखी मान तिरकी करून बघायची सवय लागली. कडेचंही मावळत जाईल, डॉक्टर म्हणाले, रंग आधी जातील. सहा महिने धरून चालू या. जुन्या घरात दर खोलीला उंबरठा, दर उंबरठ्याला ठेच. वहिनींनी ते घर सोडलं आणि ही तिसऱ्या मजल्यावरची जागा घेतली, ती एवढ्याचसाठी की हिच्यात एक पायरी नव्हती की एक उंबरठा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी ताटासारखी सपाट.

इथे सामान लागल्यावर एके दिवशी जेवताना वन्सं अचानक म्हणाल्या, "वहिनी, माझे दगड लाव. लहानपणी ते पाण्यातून काढले की काय रंग असायचा, आणि घरी येईपर्यंत वाळून सगळे सारखे राखाडी. वाळल्यावरही न जाणारा रंग मला एकदा बघायचाय."

सहा महिन्यांतले तीन तोवर संपले होते.

बुधवारी चारच्या ठोक्याला वहिनींनी यंत्र लावलं. वन्संना त्यांनी शेजारी खुर्चीवर बसवलं होतं. वन्संची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. लाइनवर नुसता श्वास ऐकून पलीकडे बाई आहे की पुरुष, आणि तो रागावलाय की रडतोय हे त्या सांगत, असं त्यांचं त्याच सांगत. त्या डोळे मिटून दहा मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "हा एक आवाज नाही. तीन आहेत. एक आतून खडखड. दुसरी रुळाच्या टोकाला चूंचूं, ती प्रत्येक फेऱ्याला. आणि तिसरी ती किंकाळी. ती लगेच येत नाही. आधी काही नसतं, मग कुजबुज, मग चढत जाते. नर्सबाईंना तीच उठवते."

"म्हणजे तीन गिऱ्हाइकं एकदम दारात," वहिनी म्हणाल्या. "एकेकाला घेऊ."

खडखड सोपी निघाली. एकतीस दगड दोन पिंपांत वाटले होते, त्यामुळे पिंपं तिसरा हिस्साही भरत नव्हती आणि दगड घसरण्याऐवजी उंचावरून आपटत होते. दादा नेहमी पिंप पाऊण भरायचे हे वहिनींना आठवलं, पण वन्संच्या दगडांत दुसरे दगड मिसळायला त्यांचं मन घेईना. मग त्यांनी पलंगाखालून बटणांचा डबा ओढला. पन्नास वर्षांची उरलेली, फुटलेली, जोड हरवलेली प्लॅस्टिकची बटणं; नाही म्हटलं तरी पाच किलो होती. त्यांनी ती ओंजळीओंजळीने पिंपात ओतली.

"बटणं?" वन्संनी विचारलं.

"दगडाला दगड भिडला की आवाज होणारच. मधे कुणीतरी मऊ नको का?"

"आपल्या घरात कोण होतं मधे?"

"मीच की."

"तरीच झिजलीस," वन्सं म्हणाल्या.

खडखड थांबली. गुरुवारी चूंचूंची पाळी. शिलाई यंत्राचं तेल घेऊन वहिनींनी रुळांच्या चारी टोकांच्या बेअरिंगमध्ये थेंब थेंब सोडलं, आणि बरं वाटेना म्हणून आणखी थेंब थेंब सोडलं. यंत्र लावलं तर चूंचूं नाही, खडखड नाही, किंकाळीही नाही. वहिनींना वाटलं, एका दमात दोन्ही कामं झाली. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, पिंपं फिरतायत का गं?"

पिंपं फिरत नव्हती. तेल ओघळून रुळाच्या रबरावर पसरलं होतं, रूळ खाली गरागरा फिरत होते आणि पिंपं वर निवांत पडली होती. वन्सं हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात आल्या. साबणाच्या पाण्याने रूळ धुणं, कोरडे करणं, परत तेल फक्त टोकाला आणि एकच थेंब, यात आठ वाजले. पण चूंचूं गेली ती गेलीच.

यंत्र बंद असताना पिंपांत चिखल बसून घट्ट होऊ नये म्हणून दर तासाला ती हाताने घोळावी लागत. ते काम वन्संनी घेतलं. जमिनीवर बसून, पाठ भिंतीला टेकून त्या दोन पायांनी पिंप पुढेमागे लोटत, आणि लोटताना एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगत. वहिनींनी त्या गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या. तरी एकीचं लग्न मोडलं ते लाइन चुकून दुसरीकडे जोडल्यामुळे, हा भाग आला की त्या शिलाई थांबवत.

शुक्रवारी उरली ती किंकाळी. वहिनी यंत्रासमोर पाटावर बसल्या आणि त्यांनी तिचं मूळ डोळ्यांनी पाहिलं. सुरुवातीला दोन्ही पिंपं रुळांवर मधोमध असत. मग प्रत्येक फेऱ्याला केसाएवढी उजवीकडे सरकत. शिवणाची टेप लावून त्यांनी मोजलं: नऊ मिनिटांत दोन बोटं. नवव्या मिनिटाला उजव्या पिंपाची कड चौकटीच्या पट्टीला टेकायची आणि किंकाळी फुटायची. हाताने मधे आणून ठेवलं की पुन्हा नऊ मिनिटं. पाच आठवडे दर नऊ मिनिटांनी पिंपं मधे सरकवत बसणं त्यांनाही जमणारं नव्हतं, आणि त्यांनी तो विचारही करून पाहिला होता.

उतार असणार, दुसरं काय. शेजारच्या गल्लीत भिंत बांधणाऱ्या गवंड्याची पाणसळ त्यांनी तासाभरासाठी मागून आणली. चौकटीवर ठेवली, रुळांच्या बाजूने ठेवली, फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा जिथे तिथे बरोबर मधे. पाणसळ खोटी असेल म्हणून उलटी करून ठेवली, तरी मधेच. आणि पिंपं आपली उजवीकडे.

मग त्यांनी उजव्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. पिंपं थांबली. वीस मिनिटं सगळं गप्प होतं. यंत्राच्या थरथरीने मग घड्या सरकत सरकत बाहेर आल्या, आणि किंकाळी आधीपेक्षा चढ्या सुरात फुटली. घड्या जाड केल्या, तर आणखी लवकर निसटल्या. शेवटी वहिनींनी कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला बोलावून आणलं. त्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली, हे कोणत्या कंपनीचं म्हणून विचारलं, कंपनी नाही म्हटल्यावर मान हलवली, आणि उजव्या बाजूला लाकडाची एक खुंटी ठोकून दिली. पिंप येऊन तिला टेकलं. किंकाळी झाली नाही खरी, पण पाव तासात खोलीभर जळक्या रबराचा वास सुटला. खुंटीने पिंपाच्या झाकणाचं रबर खायला घेतलं होतं. त्याचं म्हणणं, आता हे फेकून द्या आजी, याचं आयुष्य संपलं. वहिनींनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि खुंटी उपटून टाकली.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी यंत्र आठच्या आधी बंद केलं. वन्संना ते कळलं. त्या भिंतीच्या आधाराने आल्या आणि वहिनींच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं पिशवीत होते, पुढेही राहतील. मला काय, हाताने चाचपता येतातच की."

"वन्सं, मी आजवर कुणाचं कापड अर्धवट शिवून परत दिलेलं नाही."

"हे कापड नाही."

"तेच म्हणते मी. हे कापड नाही म्हणून मी नीट बघतच नव्हते." वहिनींनी यंत्राकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "कापड असतं तर मी काय केलं असतं?"

त्या रात्री त्यांनी एवढाच विचार केला. शिलाई यंत्रावर कापड सारखं एका बाजूला ओढलं जात असेल, तर नवी मुलगी टेबल हलवते, खुर्ची हलवते. जाणता माणूस कापड उलटं फिरवून परत घालतो. कापड फिरवल्यावर ओढ दुसरीकडे गेली तर दोष कापडाचा. तिथेच राहिली तर दोष यंत्राच्या पायाचा किंवा दातांचा. हे त्यांनी कितीतरी मुलींना शिकवलं होतं.

शनिवारी चार वाजता त्यांनी यंत्राखाली जुनी चादर सारली आणि वन्संना पलीकडून ओढायला लावून अख्खं यंत्र फरशीवर उलटं फिरवलं. आधी खिडकीकडे असलेलं उजवं टोक आता दाराकडे आलं. फरशीला उतार असेल तर पिंपं खिडकीकडे जातील, आणि यंत्रातच खोट असेल तर दाराकडे. बटण दाबून दोघी वाट बघत बसल्या. वन्संनी कान लावला, वहिनींनी टेप लावली. नऊ मिनिटं झाली, आणि दाराकडच्या टोकाला किंकाळी फुटली.

"तुझ्याकडची बाजू," वन्सं म्हणाल्या.

"फरशी सुटली," वहिनी म्हणाल्या. "चोर घरातला आहे."

यंत्र बंद करून, पिंपं उतरवून त्यांनी चौकटीवरून हात फिरवायला सुरुवात केली. डोळ्यांना काही दिसण्यासारखं नव्हतं. दादा दर वर्षी यंत्राला हिरवा रंग द्यायचे, एकावर एक असे रंगाचे इतके थर की स्क्रूंच्या खाचासुद्धा बुजल्या होत्या. पण वहिनींचं बोट डोळ्यांवर अवलंबून नव्हतं. कॉलरच्या आत कापडाचे दोन पदर आहेत की तीन, हे ते बोट न बघता सांगे. दोन रुळांची चार टोकं, चार बेअरिंगं, प्रत्येकाचा पाय चौकटीवर आवळलेला. पहिला पाय आणि चौकट, दोन पदर. दुसरा, दोन. तिसरा, दोन. चौथ्यावर बोट थांबलं. त्यांनी नखाने पुन्हा चाचपलं.

"वन्सं, इथे तीन आहेत."

हिरव्या रंगाखाली, बेअरिंगच्या पायाखाली पत्र्याचा एक पातळ तुकडा होता. कुणी तरी मुद्दाम कापून, घासून, पायाच्या बरोबर मापाचा करून घातलेला. कुणी तरी कशाला, असं काम करणारा हात या घरात एकच होता. रूळ त्या एका टोकाला उचलला गेला होता, केसभर. दोन रूळ एकमेकांशी समपातळीत नव्हते, आणि तेवढी मुरड पिंपांना ढकलत ढकलत एका बाजूला न्यायला पुरत होती.

दादांसारख्या माणसाने अशी चूक करावी हे वहिनींना पटेना. त्या हातात पाना घेऊन तशाच बसून राहिल्या, आणि जुन्या घराची मागची फरशी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. कपडे धुवायची फरशी, पाणी वाहून जावं म्हणून डावीकडच्या गटाराकडे चांगली उतरती केलेली. यंत्राला घरात जागा नव्हती म्हणून ते तिथे ठेवलेलं. सुरुवातीला तिथेही ते किंचाळायचं. पायांखाली दादा लाकडाच्या चकत्या घालायचे आणि ओल्या फरशीवर त्या निसटायच्या. मग एका सुट्टीच्या दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्रापुढे उकिडवे बसले होते, जेवायला तीन हाका मारल्या तरी उठले नव्हते, आणि त्यानंतर यंत्राने कधी आवाज केला नाही. फरशी सुधारता येईना म्हणून त्यांनी यंत्र फरशीच्या उलट वाकडं केलं होतं. डावीकडचा उतार आणि उजवीकडची मुरड यांची फिटंफाट. वीस वर्षं दोन वाकडेपणांनी मिळून काम सरळ केलं, आणि आता वन्संना ठेच लागू नये म्हणून सपाट फरशीचं घर घेतलं तर एकटा उरलेला वाकडेपणा किंचाळायला लागला.

वहिनींनी हे वन्संना सांगितलं. वन्संनी हात पुढे करून तो तिसरा पदर चाचपला. मग म्हणाल्या, "दादाने सांगून ठेवायला नको होतं का?"

"त्यांना काय माहीत आपण घर बदलू."

रंग खरवडायला शिलाई यंत्राचा छोटा पेचकस, नट ढिले करायला दादांचा पाना. चौथ्या हिसड्याला नट सुटला. पत्र्याचा तुकडा बाहेर आला तेव्हा त्याची खालची बाजू रंगापासून वाचली होती, आणि तिच्यावर जांभळ्या फुलांची अर्धी वेल होती.

वहिनींनी तो खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. "माझ्या पावडरच्या डब्याचं झाकण. भाऊबंदांतल्या एका लग्नाला जायच्या दिवशी शोधून शोधून थकले होते. वन्सं, एवढी वर्षं माझा तुमच्यावर संशय होता."

"ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. "दोन महिने मला ताटात शेवटची, करपलेली पोळी मिळायची."

नट परत आवळून यंत्र लावलं. नऊ मिनिटं गेली, पंधरा गेली. पिंपं अगदीच जागेवर राहिली असं नाही. अर्ध्या तासात ती अर्धं बोट उजवीकडे सरकली. पण आता काय करायचं ते वहिनींना कळलं होतं. त्यांनी कॉलरमध्ये घालायच्या खळीच्या कडक कापडाचा तुकडा कापला, एकच पदर, आणि उजव्या पायांखाली तो चिकटवून टाकला, पुठ्ठ्यासारखा नुसता सारला नाही. साडेसात वाजता पिंपं मधोमध होती. पावणेआठलाही तिथेच. आठ वाजता बंद करायचं ठरलं होतं. वहिनींनी बंद केलं नाही.

रविवारी सकाळी अकराला दार वाजलं. नर्सबाई होत्या, या वेळी एकाच जोडाच्या चपलांत, डोळे सुजलेले पण झोपेने. त्यांना गहिवरून आलं होतं. त्या म्हणाल्या, काकू, माझ्यामुळे तुम्ही ते देऊन टाकलंत ना, मला फार वाईट वाटतंय, मी सेक्रेटरींशी बोलणार होते. वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीत नेलं. यंत्र चालू होतं. कान जवळ नेला तर ओल्या वाळूतून कुणी पाय ओढत चालल्यासारखी सळसळ ऐकू यायची, तीही दाराबाहेर पोचत नव्हती. नर्सबाई त्या दोन फिरत्या पिंपांकडे बघत उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्या त्यांना जांभई आली. दुपारच्या बैठकीत 'कारखान्या'चा विषय निघाला तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना एवढंच विचारलं, की कुठला कारखाना.

पाच आठवडे फार हळू गेले. दर आठवड्याला वहिनी पिंपं उघडत, गाळ बादलीत ओतत, दगड न् दगड ब्रशाने घासून धूत, बटणंही बदलत, कारण जाड्या भुकटीचा एक कण राहिला तरी पुढच्या आठवड्यात सगळ्यांवर ओरखडे. दगड वन्संना दाखवायचे नाहीत असं वन्संनीच बजावलं होतं. अर्धवट रंग नको, त्या म्हणाल्या. पण त्याच पाच आठवड्यांत त्यांना खिडकीबाहेरचं झाड आणि त्यामागची भिंत वेगळी दिसेनाशी झाली. एकदा त्यांनी वहिनींची हिरवी साडी राखाडी म्हणून ओळखली. वहिनींनी ती चूक दुरुस्त केली नाही. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्या पिंपांची सळसळ ऐकत पडून राहिल्या आणि ती जरा भरभर व्हावी असं त्यांना वाटत राहिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला, ऊन थेट खिडकीतून येतं त्या वेळी, वहिनींनी टेबलावर पांढरं सुती कापड अंथरलं आणि एकतीस दगड कोरडे पुसून त्यावर मांडले. वन्सं येऊन बसल्या. त्यांनी पहिला दगड उचलला, उन्हात धरला, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग दगड कानाजवळ नेल्यासारखा अगदी कडेला नेला. वहिनी पुसायचा फडका हातात धरून उभ्या होत्या.

"लाल," वन्सं म्हणाल्या. "मधे पांढरी रेघ. ही रेघ मला ठाऊकच नव्हती."

दुसरा मधासारखा पिवळा. तिसरा हिरवा, गडद, त्यावर काळे ठिपके. त्या एकेक उचलत होत्या, तिरक्या मानेने बघत होत्या, रंग बोलून दाखवत होत्या आणि वहिनी नुसत्या हो म्हणत होत्या, कारण प्रत्येक रंग बरोबर होता. एका निळसर दगडाशी वन्सं फार वेळ थांबल्या. तो त्यांनी ओठांना लावून पाहिला, कोरडा आहे ना याची खात्री करण्यासाठी. मग पुसून परत पाहिला. ऊन टेबलावरून सरकत गेलं तशा त्या खुर्ची सरकवत गेल्या.

एकतिसावा खाली ठेवल्यावर त्यांनी कापडावर हात फिरवून चार दगड वेगळे काढले आणि वहिनींच्या पुढे सारले.

"हे झालेले नाहीत."

वहिनींनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांना काही दिसेना. मग नखाने चाचपलं, आणि चौघांच्याही एकेका बाजूला बारीक खरखर लागली. जाड्या भुकटीचे ओरखडे, तसेच राहिलेले.

"वन्सं, यांना परत मध्यमपासून घ्यावं लागेल. चार आठवडे."

"मग उभी काय राहिलीस?" वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी त्या निळसर दगडासकट बाकीचे सत्तावीस पिशवीत भरायला घेतले. "मी आहे की बघायला."

वहिनींनी चार दगड पदरात घेतले, बटणांचा डबा काखेत मारला आणि त्या मागच्या खोलीत जाऊन पिंपाचं झाकण उघडू लागल्या.